मोठी बॅटरी बसवली, सर

माझ्या पोटात काही राहत नाही, असं बायको चारचौघांत सांगते आणि मीही हसतो. आमच्या घराण्यात कुणाचं लग्न कुठं मोडलं, कोण कुणाच्या बारशात रुसून बसलं, हे सगळ्यांना रंगवून सांगायचं काम माझंच. पण एक गोष्ट राहिली. बायकोला सांगितली नाही, बहिणीला नाही, भाचीला नाही — आणि भुतेकर सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुमच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून असेल.

जालन्यात मोंढ्याजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या आसपासची, पाटीवर अजून रंग होता तेव्हाची. माझी गिऱ्हाइकं म्हणजे जिनिंगा, कापसातून सरकी काढायचे कारखाने. तिथं वजनकाट्यावर एक कॉम्प्युटर लागतो. तो चालवायला त्यात मी विंडोजऐवजी लिनक्स बसवायचो. का? फुकट मिळायचं. जगभरातले हौशी लोक मिळून ते बांधतात, आतलं सगळं उघडं ठेवतात, कुणीही घ्या, कुणीही सुधारा. घ्यायचं एवढंच मी मनावर घेतलं होतं. सुधारून परत द्यायचं असतं — ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

काट्याचं काम असं. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, कापूस ढिगावर रिकामा करायचा, मग रिकामी गाडी तोलायची. आता या दोन तोलांच्या मध्ये लाइट गेली तर? आणि आमच्याकडं ती जायचीच, भारनियमन म्हणजे रोजचं जेवण. कॉम्प्युटर बंद, भरल्या गाडीचं वजन गायब, आणि कापूस तर ढिगात मिसळलेला! मग माणसं एकमेकांच्या अंगावर. वर लाइट आली तरी मशीन उठायचं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत बसायचं. ज्यांनी ते बांधलं त्यांच्या गावात लाइट जात नसावी.

मी त्यावर दुरुस्ती काढली. फार काही नाही, थोड्या ओळी. वजन झालं की लगेच डिस्कवर उतरायचं, आणि लाइट आली की मशीन स्वतःचं स्वतः तपासून उभं राहायचं. जालन्यात माझं नाव झालं. "ह्याच्या मशिनीत वजन हरवत न्हाई." ऐकून मी असा चालायचो की जणू लाइटचा शोध मीच लावला.

आता भुतेकर सर. कुंभार पिंपळगावला शाळेत गणित शिकवायचे. त्या लिनक्सचं मराठी करणारी आठ-दहा वेडी माणसं महाराष्ट्रात होती, ई-मेलवर एकमेकांशी बोलायची, त्यातले एक सर. शाळेला कुणी जुने कॉम्प्युटर दिले होते, त्यांत सरांनी तेच लिनक्स बसवलं. आणि रोज लाइट गेली की त्यांची सगळी खोली काळ्या पडद्याची. ते त्या ई-मेलच्या मंडळींत विचारायचे — कुणाला ह्यावर उपाय सापडला आहे का? मी त्या मंडळींत होतो. वाचायचो. पुढच्या निरोपावर जायचो.

एकदा ते दुकानातच आले. एस.टी.नं, धुळीनं भरलेले. मी चहा मागवला. त्यांनी सरळ विचारलं, "जिनिंगातल्या तुमच्या मशिनी लाइट गेली तरी बराबर उठतात म्हनं. काय करता हो तुम्ही?"

सांगता आलं असतं. फ्लॉपीवर घालून हातात देता आलं असतं, चहा गार व्हायच्या आत. पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? रस्त्यापलीकडचा दुसरा कॉम्प्युटरवाला. सरांना दिलं की सर ते सगळ्यांना देणार, सगळ्यांना मिळालं की त्यालाही मिळणार, मग माझं काय राहणार? मी म्हणालो —

"मोठी बॅटरी बसवली, सर."

इतकं सहज बोललो की माझं मलाच पटलं.

सर साधा माणूस. गावात गेले, मास्तरलोकांची वर्गणी काढली, मोठी बॅटरी आणली. लाइट मात्र त्या बॅटरीपेक्षा जास्त वेळ जायची. मुख्याध्यापक म्हणाले, फुकटाचं आणलं, वर खर्च केला, बस झालं आता. आणि खोलीला कुलूप घातलं.

हे मला कुणी सांगितलं? माझ्या भाचीनं. माझी बहीण कुंभार पिंपळगावलाच दिली आहे, तिची रेखा त्या वर्षी दहावीत, त्याच शाळेत. दिवाळीला आली आणि माझ्या दुकानातल्या मशिनीपुढं बसली, ते उठायलाच तयार नाही. मी चेष्टा केली, "का गं, शाळेत न्हाईत का कॉम्प्युटर?"

"हायेत ना मामा. पन कुलपात हायेत. आमी खिडकीतून बघून राह्यलो. सर लई वाईट वाटून घेतात, म्हनतात माझंच कायतरी चुकतंय."

तेव्हा तरी? तेव्हा तरी मी सरांना फोन करायचा की नाही? मी तिला जिलबी आणून दिली. ती दहावी झाली, शाळेतून बाहेर पडली. तिच्या वर्गाच्या वाट्याला ती खोली आलीच नाही.

पुढं जे झालं त्यात माझं पुण्य काही नाही, माझी फजिती आहे. त्या लिनक्सची नवी आवृत्ती आली. काट्यांना जोडायच्या नव्या प्रिंटरसाठी ती घ्यावीच लागत होती. पण तिच्यात मशीन चालू व्हायची सगळी पद्धतच त्यांनी बदललेली. माझ्या ओळी त्यात बसेनात. बदलणाऱ्यांना काय माहीत, की जालन्यात कुणीतरी त्या जुन्या पद्धतीवर पोट भरतंय? मी सांगितलं कुठं होतं! ऐन हंगामात काटे बंद. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर. शेठ मला म्हणाले, "इंजिनियर, तुमची मशीन उठत न्हाई, तुम्ही तरी उठा अन् कायतरी करा." मी मुकाट त्या ई-मेलच्या मंडळींपुढं हात पसरले. दुसऱ्या दिवशी पिशवीत सीडी घेऊन जिनिंगच्या फाटकात कोण उभं? सर.

"अन् तुमची बॅटरी?" त्यांनी विचारलं.

"गेली, सर." ही दुसरी थाप.

नव्या आवृत्तीत काय-काय बदललं, हे सरांना तोंडपाठ, कारण ते त्या चर्चेत होते. करायचं काय, हे मला माहीत. आता मी ते एकदम कसं काढू? जुनी दुरुस्ती दाखवली तर तिच्यावरची तारीखच बोलेल. मग मी नाटक केलं. डोकं खाजवलं. छताच्या पत्र्याकडं बघितलं. "सर... असं केलं तर?" म्हणत एकेक ओळ अशी टाइप केली की जणू ती आत्ताच सुचते आहे. मध्ये एक मुद्दाम चुकवलीसुद्धा! सरांनी ती दुरुस्त केली आणि केवढे खूश झाले. मशीन लाइट तोडून-तोडून बघितलं; दरवेळी उठलं. सर टाळी वाजवून म्हणाले, "काय डोकं हाय हो तुमचं! अन् मी येड्यावानी बॅटऱ्या आणत बसलो."

मी नम्रपणे हसलो. ते हसणं आठवलं की आजही जेवता-जेवता हात थांबतो.

सरांनी ती दुरुस्ती माझ्या नावानं पुढं पाठवली. नंतरच्या आवृत्तीत ती आली. शाळेचं कुलूप निघालं, रेखाच्या मागच्या वर्गांना खोली मिळाली. आणि माझं काय बुडालं? काही नाही. उलट पुढं कितीही आवृत्त्या आल्या, काटे बंद पडले नाहीत, कारण बांधणाऱ्यांनाच आता माहीत होतं की आमच्याकडं लाइट जाते. रस्त्यापलीकडचा कॉम्प्युटरवालाही आला. त्यानं बियाण्यांच्या कंपनीतली लेबलं छापायची अडचण सोडवली होती, तो उपाय त्यानं न मागता दिला. हो — ज्याची मला भीती होती, तोच.

आता महिन्यातल्या एका रविवारी आम्ही माझ्या दुकानात जमतो. जिनिंगवाले, बियाणंवाले, सर आणि त्यांची मंडळी. हंगाम सुरू व्हायच्या आधी नवी आवृत्ती आमच्या मशिनींवर चालवून बघतो, काय मोडतं ते बांधणाऱ्यांना कळवतो, आणि ते खरंच ऐकतात. ज्याला उपाय सापडला त्यानं त्याच आठवड्यात पाठवायचा, हा नियम माझा. तो मी इतक्या कडकपणे पाळायला लावतो की लोक मागं मला मास्तर म्हणतात. रेखाही येते. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून क्लास लावून ती हे शिकली, उशिरा, आणि आता एका बियाण्यांच्या कंपनीतल्या मशिनी तीच सांभाळते. कुणी नवीन आलं की सर माझ्याकडं बोट करून जिनिंगमधली ती गोष्ट सांगतात, आणि रेखा मध्येच म्हणते, "माझे मामा हायेत ते."

मी चहाचे कप गोळा करायला उठतो.

ती दुरुस्ती सरांना दाखवायच्या दीड वर्ष आधीपासून माझ्याकडं होती. त्यांनी मला समोर बसून विचारलं होतं. मी खोटं बोललो, आणि कुलूप लागलेलं कळल्यावरही गप्प बसलो. येत्या रविवारी सर बोट करतील तेव्हा मी कप उचलायचे नाहीत, हेच बोलायचं, रेखा बसलेली असतानाच. मग सरांनी उठून जायचं की बसायचं, ते सरांनी ठरवावं. दुरुस्त्या पाठवायचा नियम मात्र चालू राहील.