धाकट्या जावेचा श्वास

फुंकायची तपासणी असते त्या दिवशी सकाळी दम्याचा पंप ओढायचा नसतो. म्हणून गावाच्या फाट्यापर्यंत चालतानाच मला थांबत थांबत जावं लागलं. पिशवी धाकट्या जावेच्या हातात होती. मी थांबले की तीही थांबायची. तेव्हा तिचंही तोंड उघडं असायचं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी माझ्याच श्वासात होते.

माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत, घरात गॅस. लग्न होऊन बाभुळगावकडच्या या कापसाच्या शेतीच्या घरात आले, चुलीपुढे बसले आणि काही वर्षांत खोकला लागला, तो सुटलाच नाही. आधी दमा म्हणाले, मग फुफ्फुसाचा जुनाट आजार म्हणाले. डॉक्टरांनी बजावलं, धुरापासून लांब राहा. सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं. चूल स्वयंपाकघरातून काढून मागच्या टिनाच्या छपरीत नेली. त्याच सुमारास धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि ती चूल नव्या सुनेकडे गेली. मी आत बसून भाज्या निवडायची, शिवण करायची, मुलांचा अभ्यास घ्यायची. यावरून मला घरात कुणी कधी टोचून बोललं नाही. तीही नाही.

नंतर कापसाची वाईट वर्षं आली. कधी भाव नाही, कधी अळीनं बोंडं पोखरलेली. सिलिंडर संपला की नवा आणायचा विषय कुणी काढायचं नाही. असलेला गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि माझ्या वाफाऱ्याच्या पाण्याला. बाकी सगळं पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर. वेचण्या झाल्या की उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी परसात लागायची, ती पुढच्या हंगामापर्यंत पुरायची. छपरीत दिवसाही अंधार असायचा. ती तिथं भाकरी थापता थापता मला हाक मारायची, "ताई, दार लोटून घ्या. धूर आत येऊन राह्यला."

मी उठून दार लोटायची.

त्या दिवशी आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा रांग थोडीच होती. तपासणीच्या खोलीत एक तिशीतली बाई होती, यंत्रावर तीच बसायची. तिनं माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाली, "काकू, पोटभर श्वास घ्या. आता फुंका. फुंका, फुंका, अजून, थांबू नका, अजून."

मी फुंकलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, खोकल्याची उबळ आली, नळी तोंडातून निसटली. परत घेतलं. तिसऱ्या खेपेला जरा बरं जमलं. जाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पदर तोंडाला लावून ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला लांबला. शेवटी ती भिंतीला टेकली, खांदे वर ओढून श्वास घेऊ लागली.

यंत्रावरच्या बाईनं मला पंप दिला, औषध लागू होईपर्यंत बसा म्हणाली आणि तिच्याकडे वळली.

"हे कधीपासून आहे?"

"मले काही नाही. जिन्यानं दम लागला."

"जिना चढून तर किती वेळ झाला. स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर," ती म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे बोट करून, जणू घराची बाजू सांभाळत म्हणाली, "पण ताई धुरात जात नाही. त्यायले आम्ही जाऊच देत नाही."

त्या बाईनं आत जाऊन डॉक्टरांना विचारलं आणि जावेलाही खुर्चीत बसवलं. जाऊ नको नको म्हणत बसली. चिमटा लावल्यावर माझ्याकडे पाहून तिनं भुवया उडवल्या. मग फुंकलं. मी यंत्राच्या पडद्याकडे पाहत होते. माझी रेघ आधी डोंगरासारखी वर गेली होती आणि मग खाली घसरली होती. तिची रेघ नीट वर चढलीच नाही. पुन्हा फुंकायला लावलं, तरी तसंच.

डॉक्टर आले. त्यांनी दोघींची कागदं शेजारी ठेवून पाहिली. "या तुमच्यासोबत आल्यात ना?" त्यांनी मला विचारलं. "यांचं फुफ्फुस तुमच्यापेक्षा जास्त गेलंय. इतके दिवस आणलं का नाही?"

उत्तर जावेनंच दिलं. "काम होतं ना जी," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिनं मला खिडकी दिली, नेहमीसारखी. मी म्हटलं, आज तू बस. ती म्हणाली, मले गाडी लागत नाही, तुमालेच हवा लागते. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "ताई, घरी सांगू नका. वेचणी चालू आहे."

मी घरी सांगितलं. रात्रीची जेवणं व्हायच्या आधीच सांगितलं, कारण जेवल्यावर माझा धीर झाला नसता. दीर ताट पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. सासूबाई मागच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "म्या तर एकीले वाचवाले गेलती."

माझ्या भावाकडून मी सिलिंडर आणवला. दुसऱ्या दिवसापासून मी गॅसवर सगळ्यांचा स्वयंपाक करू लागले. आठवडाभर ती शेजारी उभी राहून माझ्या भाकरीला नावं ठेवत होती, मग सवय झाली. छपरीतली चूल दिरांनी मोडून टाकली. पण कापूस वेचायला जाणं तिनं थांबवलं नाही. डॉक्टरांनी दिलेला नवा पंप पदराच्या गाठीत बांधून न्यायची आणि बाया बघतात म्हणून ओढायची नाही.

आता आम्ही दोघी दरवर्षी सोबत जातो. तिचा फुंकण्याचा आकडा खाली येतो आहे, म्हणजे फुफ्फुस अजून जातंच आहे, हळूहळू. माझा जवळपास तिथंच आहे. मागच्या खेपेला तिची तपासणी आधी झाली आणि मग माझी. मी खुर्चीत बसले, श्वास घेतला, पण पुरता घेतला नाही. फुंकतानाही आवरून फुंकलं. असं का केलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की तिच्यासमोर माझी रेघ फार उंच जायला नको.

"काकू, तुम्ही जोर लावत नाही आहात," यंत्रावरची बाई म्हणाली.

मी म्हटलं, आज जमत नाही.

जाऊ स्टुलावरून उठून माझ्याजवळ आली. धाप लागलेली होतीच तिला. मान वाकवून माझ्या कानाशी म्हणाली, "कायले लबाडी करता, ताई? तुमचा आकडा चांगला असला तर मले काय वाईट वाटते?"

मग तिनं स्वतःच नळी माझ्या तोंडाशी धरली. मी पोटभर श्वास घेतला आणि फुंकलं. ती शेजारी उभी राहून म्हणत होती, "अजून, ताई. अजून." आकडा मागच्यापेक्षा बरा आला. ती खूश झाली, आणि मला पडद्याकडे बघवेना.