तोंडानं न घेता येणारा पासवर्ड

वडनेर भोलजीच्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं हे सोजराबाईंना वासावरून कळतं, आणि कोणाच्या घरी काय बिनसलं हे वासाशिवायही कळतं. साठीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा नारायणराव आणि एकुलता एक मुलगा हरिओम यांच्याबरोबर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवते आणि दुपारी ओट्यावर बसून गावाची हजेरी घेते. त्यांच्या बोलण्याचा आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जातो असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बहुतेक मीच.

एवढं बोलणारी बाई, पण नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीकडे बघते. शेजारीण भाऊकीतली सून असली तर तीही गप्प, कारण नारायणराव भाऊकीत सगळ्यांत मोठे. बाकीच्या सुनांचे ते भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि भासऱ्याचंही नाव घ्यायचं नसतं. मग दोघी मिळून तिसरीकडे बघतात. दुकानदाराला ही रीत माहीत आहे. तो मुद्दाम विचारतो.

गेल्या वर्षी हरिओमचं लग्न झालं. सून प्रतीक्षा कॉम्प्युटर शिकलेली, पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि समोरच्या पडद्यावर त्यांच्या तक्रारी निस्तरायच्या. कंपनीनं गावातून काम करायला परवानगी दिली, पण तीही चाचणीपुरती. नेट नीट चाललं तर ठीक; नाहीतर पुण्याला या, नाहीतर नोकरी सोडा. प्रतीक्षा नोकरी सोडणार नव्हती, हे तिनं सोयरीक जुळतानाच सांगितलं होतं. ती गेली की हरिओमही जाणार. म्हणजे मागं उरणार दोन म्हातारी माणसं आणि वांगी. ही गोष्ट सोजराबाई कोणाजवळ बोलल्या नाहीत, यावरूनच ती त्यांना किती लागली असेल ते समजा.

घरात वायफाय आलं. डबा भिंतीवर बसला. पासवर्ड काय ठेवायचा यावर हरिओम डोकं खाजवत बसला, तेव्हा सोजराबाईंनीच तोड काढली.

“तुह्या बापाचं नाव टाक.”

“काऊन?”

“गल्लीत साऱ्या आपल्या भाऊकीच्या सुना. कोणीच ते नाव तोंडानं घेत नाही. मंग एकीचं दुसरीले कसं समजन?”

हरिओम हसला, पण टाकलं. प्रतीक्षानं सासूकडे एकदा नीट बघितलं आणि मान डोलावली. नव्या सुना सुरुवातीला असं करतात.

पहिल्याच आठवड्यात चुलत जाऊ केसरबाई आल्या. केसरबाईंच्या मोबाईलचं नेट दुपारपर्यंतच टिकतं. सिरेल मात्र संध्याकाळपर्यंत असते.

“जाऊबाई, तुमच्या घरी म्हणे फुकटचं नेट आलं.”

आता दारात आलेल्या जावेला नाही म्हणायचं कसं? सोजराबाईंनी तिचा फोन घेऊन आत प्रतीक्षाकडे दिला. प्रतीक्षानं पाठ फिरवून काहीतरी टाकलं आणि फोन परत दिला.

“काय टाकलं वो?” केसरबाईंनी विचारलं.

“ते मले तोंडानं नाही घेता येत,” सोजराबाई म्हणाल्या. आणि आपण केवढं गुपित राखलं म्हणून खूश झाल्या.

केसरबाई चहा पिऊन घरी गेल्या. कप ठेवतानाच त्यांना उमगलं होतं. सोजराला तोंडानं काय घेता येत नाही? जगात एकच गोष्ट. घरी जाऊन त्या आपल्या लेकीला, राखीला म्हणाल्या, “तुह्या मोठ्या बाबाचं नाव टाकून पाह्य बरं तुह्या फोनात.”

राखी पडली गावची लेक. लेकींना कसली बंदी? तिनं नाव टाकलं, नेट लागलं, आणि तिनं ते मैत्रिणींना अगदी मोठ्यानं सांगितलं. पंधरवड्यात अर्धी गल्ली नारायणरावांच्या नावावर पिक्चर बघायला लागली. सुनांनी तोंड उघडलं नाही, बोटांनी मात्र रीत पाळली नाही. नारायणरावांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “माह्या नावानं एवढी गर्दी सरपंचकीले उभा होतो तवा पाह्यजे होती.”

हसून झालं. पण आत प्रतीक्षाचं बोलणं मधेच तुटायला लागलं. एका गिऱ्हाइकानं तिच्यावर तक्रार केली, मग दुसऱ्यानं. पुण्याच्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की महिनाअखेरीला त्या स्वतः पुण्यातून दिवसभर तिचे फोन ऐकून बघतील. त्या दिवशी तुटलं, तर तिनं पुण्याला यावं.

सोजराबाईंनी हे दाराआडून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी ओट्यावर कोणाची खबर घेतली नाही. संध्याकाळी सुनेपाशी जाऊन बसल्या.

“साऱ्याइचं बंद करून टाक.”

“बंद केलं तर उद्या तुमच्या ओट्यावर कोण येऊन बसेल, आई?” प्रतीक्षा म्हणाली. “आपण दोन नेट करू. एक आतलं, कामाचं. एक ओट्यावरचं, पाहुण्यांचं. त्याला वेग थोडाच ठेवायचा, आणि पल्लाही ओट्यापुरताच. त्यावर कितीही माणसं आली तरी आतल्याला धक्का नाही.”

“म्हणजे पाहुण्याचा माठ येगळा.”

“तसंच. आणि पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. मी एक चौकोन छापून आणते. तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला की नेट आपोआप लागतं. विचारायला नको, सांगायला नको.”

“अन् कोणी त्याचा फोटो काढला तं?”

“काढू द्या. येईल तो ओट्यावरच येईल.”

मग प्रतीक्षा आतल्या नेटाचा नवा पासवर्ड सांगायला लागली, तर सोजराबाईंनी हात आडवा केला.

“मले सांगू नको. माह्यं बोलणं तं लोकाइले समजतेच, चूप बसणंबी समजते.”

या बाईला मी एवढी वर्षं ओळखतो. स्वतःबद्दल इतकं खरं बोलताना तिला त्याआधी कोणी ऐकलं नसेल.

दुसऱ्या दिवशी केसरबाई तणतणत आल्या. ओट्यावर नारायणराव बसले होते, म्हणून डोक्यावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलल्या.

“जाऊबाई, माह्या घरी नेट लागून नाही राह्यलं. राखीनं तेच टाकलं.”

“तेच म्हणजे काय?”

“तेच. अगोदरचं.”

“अगोदरचं कोणतं वो? मी तं तुले काहीच सांगितलं नव्हतं.”

केसरबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. भासरे दोन हातांच्या अंतरावर बसलेले. सोजराबाई आता रंगात आल्या.

“घेऊन तं दाखव. पाहू दे खरं हाय का.”

“काऊन मले पापात पाडता?”

“मंग टाकताना नाही पडली?”

“टाकलं पोरीनं. मी फक्त चार्जर दिला तिले.”

नारायणराव खाकरले आणि चपला घालून मळ्याकडे निघाले. दोन बायकांच्या मधे आपलं नाव कुठं पडेल सांगता येत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. ते गेल्यावर सोजराबाईंनी कमरेच्या पिशवीतून जाड कागदाचा चौकोन काढला, काळे-पांढरे ठिपके असलेला.

“धर तुहा फोन.”

केसरबाईंनी धरला. नेट लागलं, नावही दिसलं: ओटा.

“हे काय, नाव न घेता?”

“न घेता. ओट्यावर आली तं मिळन. तुह्या घरापर्यंत नाही पोचत.”

केसरबाईंना राग आला. पण सिरेल सुरू व्हायला आली होती, म्हणून त्या राग घेऊन तिथंच बसल्या. मग हळूहळू इतरही आल्या. चित्र जरा अडकत चालायचं. अडकलं की बायका मधल्या वेळात गप्पा मारायच्या, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

महिनाअखेरीचा तो दिवस आला. ओट्यावर भरगच्च बायका. प्रतीक्षा दारापर्यंत येऊन हळूच म्हणाली, “आई, आज तेवढं सगळ्यांना पाठवायचं का?”

सोजराबाईंनी ओट्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

“तुह्या माठावर भरोसा हाय ना तुले?”

“आहे.”

“मंग बसू दे. मले एकटीले नाही बसवत आज.”

दार लागलं. आतून प्रतीक्षाचा आवाज येत राहिला, शहरी, शांत, न तुटता. बाहेर सोजराबाई मेथी निवडत होत्या. जुडीतली चांगली पानं कचऱ्यात आणि देठं परातीत चालली होती. केसरबाईंनी बघितलं, परात आपल्याकडे ओढून घेतली आणि पुन्हा निवडायला लागल्या.

ऊन उतरल्यावर दार उघडलं. प्रतीक्षा म्हणाली, “मॅडम म्हणाल्या, गावातूनच करा. आता परत विचारणार नाहीत.”

“बरं,” सोजराबाई म्हणाल्या. पदर सारखा केला आणि केसरबाईंकडे वळल्या. “तुह्या सिरेलीत पुढं काय झालं वो?”

आवाज घोगरा होता, असं केसरबाई सांगतात. ही गोष्ट त्यांनी गल्लीत कोणालाच सांगितली नाही. मला सांगितली, पण मला त्या गल्लीत धरत नसाव्यात.