पायाच्या अंगठ्याला चिमटा

दारात परक्या चपला दिसल्या की आक्काताई कांबळेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणीतरी बाबासोला बघायला आलंय, म्हणजे पुन्हा तेच होणार! आलेला माणूस संत्र्यांची पिशवी उशाला ठेवणार, नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढणार आणि विचारणार, "कळतंय का?"

"न्हाय," बाबासो आढ्याकडं बघत म्हणायचा. मग पावणं चुकचुकायचं, "ऑपरेशन वायाच गेलं म्हणायचं," आणि चहा पिऊन जायचं.

नव्याण्णव सालच्या जयंतीला विहारावर लायटिंगची माळ बांधताना बाबासो शिडीवरून पाठीवर आपटला. कोल्हापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मोडलेल्या मणक्याला सळ्या बसवल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पायात ताकद येईलच असं नाही. पण पाठ आता पक्की आहे, ती बसण्यासाठीच केलीय. त्यांना रोज बसवा, कूस बदलत राहा."

पण ऐकतो कोण? सासू बयाबाईनं खाटेवर फळी टाकली आणि फर्मान काढलं, "हलवायचं न्हाय. आतल्या सळ्या निसटतील." अख्ख्या वस्तीनं मान डोलावली. बाबासोवर सगळ्यांचा जीव, म्हणून त्याला कुणी हात लावू देईना. आक्काताईनं उशी टेकवून बसवायला बघितलं, तर सासूनं गळा काढला, "माझ्या पोराला मारतीस व्हय?" बाबासोही तोंड फिरवायचा. "पाय आलं की बसतो," म्हणायचा.

एक दिवस चादर बदलताना वास आला. कमरेखाली मांस काळं पडून सडलं होतं, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. आक्काताईला रडू आलं नाही, चीड आली. सासूची, वस्तीची, त्या संत्र्यांची, आणि गप्प बसलेल्या स्वतःचीही.

पुन्हा दवाखाना, पुन्हा चिरफाड. सडका भाग काढून डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर माणूस हाताला लागला नसता."

जखम भरल्यावर घरात पाऊल टाकताच तिनं ती फळी उचलून अंगणात भिरकावली. "आत्याबाई, आता मधी पडायचं न्हाय!" तिनं सासूला बजावलं. नवऱ्यावरही तशीच ओरडली, "पायाची वाट बघत मरायचं हाय का तुमास्नी? पाठ हाय की! बसा!"

पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्याला घेरी आली. तो शिव्या द्यायचा, तीही द्यायची. शिव्या देत देतच तो हातांच्या जोरावर खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकला.

पुढच्या जयंतीला विहारासमोर खुर्चीत बसून तो पोरांवर खेकसत होता, "शिडी धरा की रं, दोघांनी!" तेवढ्यात गावातले गुंडूतात्या आले, सवयीनं वाकले आणि अंगठ्याला हात घातला. "कळतंय का रं? का वायाच गेलं ऑपरेशन?"

आक्काताई तरातरा पुढं झाली. पण त्याआधीच बाबासोनं तात्यांचं मनगट पकडलं होतं. सोडवता येईना, इतकं घट्ट.

"पाय सोडा, तात्या. हिकडं बगा, माझ्या तोंडाकडं. खाटंवर पडून मी तुमच्या सगळ्यांच्या नाकपुड्या बगितल्यात. आज डोळ्याला डोळा देऊन बोलतोय. कळतंय का?"