हापशाजवळचा दृष्टांत

पप्पांना सकाळी फिरायला नेणं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा होती. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास न थांबता चालायला सांगितलं होतं. मला वेगळं बजावलं होतं, धाप लागली तर लगेच कळवा. पप्पा चालायचे कमी आणि थांबायचे जास्त. मला आठला शाळेत शिकवायला पोहोचायचं असे आणि हे आमच्या चेरीताल वस्तीतल्या गल्लीत दर पन्नास पावलांवर उभे.

थांबायला निमित्त बुधवारचं. दर बुधवारी आमच्या चार मराठी ख्रिस्ती घरांची प्रार्थनासभा असते. शहर हिंदी भाषकांचं, चर्चमधली उपासनाही हिंदीत, म्हणून ही घरातली मराठीत. आठवड्यात रस्त्यावर, अंगणात जे दिसलं त्यातून प्रत्येकाने एक दृष्टांत सांगायचा, ही पद्धत पप्पांनीच पाडलेली. बांधकामाच्या वाळूत कुत्रं खड्डा करून झोपलं होतं, तर तो वाळूवर घर बांधणारा मूर्ख मनुष्य. हापसा कोरडा पडला, तर त्यात आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तशी कृपा. मला ऐकून ऐकून वीट आला होता. लहानपणी भेडाघाटला नदीकाठी त्यांचा खडकावरच्या घराचा बोध संपेना आणि आमची नाव सुटून गेली, तेव्हापासूनचा हा राग आहे.

त्या मंगळवारी शाळेत परीक्षा होती. फाटकातून बाहेर पडतानाच मी सांगितलं, "पप्पा, आज एकही दृष्टांत नको. नाकासमोर चालायचं."

ते बरं म्हणाले आणि निमूट चालू लागले. हापशाजवळ थांबले नाहीत, वाळूच्या ढिगाजवळही नाहीत. मला वाटलं, हे आपण आधीच करायला हवं होतं.

पुढच्या चढावर मात्र ते एका भिंतीला हात लावून उभे राहिले. भिंत कोरी होती. बोध काढायला तिच्यावर साधं शेवाळसुद्धा नव्हतं. आता या भिंतीत काय दिसलं तुम्हाला, मी चिडून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग धाप आवरत, "श्वास घेऊन राहिलो."

कपाळ घामाने भिजलं होतं, ओठ पांढरे पडले होते. कधीपासून होतंय असं विचारलं, तर म्हणाले, वाळूतल्या कुत्र्यापासून. म्हणजे तीन आठवडे. पुन्हा दवाखान्यात नेतील या भीतीने हा माणूस पवित्र शास्त्राच्या आडोशाला धापा टाकत होता आणि मी घड्याळ बघत होते. त्यांचा इतका राग आला की मला रडूच कोसळलं. स्वतःचा राग तर त्याहून जास्त.

त्यांना एका ओट्यावर बसवून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या. ऑटो गल्लीच्या तोंडापर्यंतच येणार होती, तेवढं चालणं भाग होतं. परतताना हापशापाशी मीच थांबले. पप्पा थांबायला तयार नव्हते. तुला शाळेला उशीर होईल, म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "हा हापसा बघा. पाणी देण्याआधी तो स्वतःच..."

"तो मागच्या आठवड्यात झाला," हापशाच्या दांड्यावर हात टेकवत ते म्हणाले. "नवीन काढ."

मी आजूबाजूला पाहिलं. एक शेळी कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल चघळत होती. पप्पांचा श्वास खाली बसेपर्यंत मी त्या शेळीवर बोलत राहिले.