देविदासचं औषध

अंजनगाव सुर्जीला हौसेनं जायचं तर पानमळे बघायला जावं. मी गेले ती लोकांच्या बोटांना सुया टोचायला. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. अकोल्याच्या प्रयोगशाळेत नवीन लागले होते. कपाशीवर फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासायला डॉक्टरांबरोबर कोण जातं म्हटल्यावर, फुकटात फिरणं होतंय म्हणून मीच हात वर केला.

एसटी अकोटवरून जाते. खिडकी जरूर पकडा, पण पांढरं नेसू नका. अकोटला गरम भजी मिळाली आणि पाकासारखा गोड चहा. आमचे डॉक्टर पुण्याचे. एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला. माझी चंगळ झाली.

अंजनगावात पहिलंच घर फवारणीवाल्या देविदासचं. दारात त्याची बायको शेवंता गाठोडं बांधून बसलेली, माहेरी बाळापूरला निघालेली. कायमची.

देविदास घामानं निथळत होता, तोंडाला लाळ. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेता का?"

"रोज मारतो ना जी."

"पाह्यलं का बाई, कबूल झाला!" शेवंता माझ्याकडे वळली. आता दारूलाही औषध म्हणतात आणि फवारणीच्या विषालाही, आणि दोन्ही 'मारतात'च. डॉक्टर बिचारे गोंधळले.

"मी दारू पेतच नाही जी," देविदास म्हणाला.

"मंग झोकांड्या काहून खाते? अन् वास लपवाले लसून खाऊन येते."

लसणाचा वास म्हटल्यावर डॉक्टर ताठ झाले. कपाशीवरच्या त्या विषाला तसाच वास येतो.

मी दोन नळ्या काढल्या. एकीत देविदासच्या रक्ताचा थेंब, दुसरीत शेवंताच्या. "माह्यंबी घ्या," म्हणून तिनंच बोट पुढे केलं होतं. दोन्हींत हिरवं पाणी. धडधाकट रक्त त्याला पिवळं करतं, विषानं मंदावलेल्याला ते जमत नाही.

शेवंताची नळी पिवळी झाली. देविदासची हिरवीच.

"हिरवं मंजे दारू?"

"दारू नाही, विष आहे. अंगात भिनलंय," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर जीवावर बेतेल."

मला वाटलं, बाई खूश होईल. तिनं गाठोडं बाजूला सारलं. "दारू असती तं मी सोडवली असती," म्हणाली आणि रडली.

डॉक्टरांनी सुई दिली, आणि अकोल्याच्या दवाखान्यात चला म्हणाले. परतीच्या बसमध्ये गाठोडं होतंच. खिडकीशी देविदास, शेजारी शेवंता, तिच्या पायाशी धुऊन पोत्यात बांधलेला पंप. घरी ठेवला तर कुणीतरी मागायला येईल आणि हा भोळा पुन्हा फवारायला जाईल, असा तिचा हिशेब.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "हे काय हाय, बाई?"

"नवऱ्याची दारू," शेवंता म्हणाली. "सोडवून राहिली."

आता माझी मुलगी रोज विचारते, "आई, औषध घेतलंस?" मी म्हणते, "घेतलं गं, मारलं नाही." तिला वाटतं म्हातारी चळली. मी खुशाल हसते, आणि गोळी गिळण्याआधी हुंगून बघते, लसणाचा वास येतो का.