उपाशी कौदी

आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी तिची एक इच्छा माझ्या हातून पुरी होत नव्हती. देवाला काळजी असती तर त्यानं वाट दाखवली असती, असं मी सरळ बोलूनही दाखवायचो. तिसरी शिकलेला माणूस मी, जीभ जरा तिखटच.

रझाकारांच्या धामधुमीत आमची माणसं निजामाच्या मुलखातून पळाली आणि कलघटगीजवळच्या एका गावी, बसवण्णाच्या देवळाच्या पडवीत राहिली. तिथंच मी जन्मलो. लेकराला गुंडाळायला धडकं फडकं नव्हतं. समोरच्या घरातल्या बाईनं आपल्या अंगावरची कौदी, म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, काढून दिली. आई म्हणायची, "माझ्या लुगड्यांची कौदी त्या दारात पोचव." गावाचं नाव कुणी विचारलं की म्हणे, "देऊळ आहे, समोर घर आहे. अजून काय पाहिजे तुला?" आता बसवण्णाचं देऊळ नाही असं एक गाव या मुलखात दाखवा!

शेवटी माझ्या सुनेनं आईच्या लुगड्यांची कौदी शिवली. कोपऱ्यात चार बोटं तोंड उघडं ठेवलं, कारण आईनं तसं बजावलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. कुणाला काही विचारायचं नाही, ही माझी जन्माची खोड. त्याच मुलखातल्या नवनगरात लेकीकडे उतरलो. जावई म्हणाले, "मामा, मी येतो गाडी घेऊन." म्हटलं, "माझं जन्मगाव मला दुसऱ्यानं दाखवायचं?" आणि एकटाच बसनं निघालो.

पहिल्या गावात देवळासमोर शाळा निघाली, दुसऱ्यात पिठाची गिरणी. तिसऱ्या गावात गुडघ्यांनी नकार दिला. देवळाच्या कट्ट्यावर टेकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं, "बसवण्णा, माझ्यानं होत नाही. आता तूच बघ."

तोच समोरच्या दारातून एक म्हातारी कानडीत ओरडली, "अण्णा, उपाशी कौदी घेऊन कुठं हिंडताय?"

"उपाशी म्हणजे?"

"घरात बाईमाणूस नाही का सांगायला? भाकरीचा तुकडा घालून पोट भरायचं, मग तोंड शिवायचं. उपाशी कौदीवर लेकरू झोपत नाही!"

तेव्हा आईनं कौदीचं तोंड उघडं का ठेवायला लावलं, ते मला कळलं. तिला त्याच घरचा घास हवा होता. मी विचारलं, "अक्का, पळून आलेली माणसं या देवळात राहिली होती का?"

"सासू सांगायची, होती म्हणून. पण त्या साली कुठलं देऊळ रिकामं होतं?"

मी सगळं सांगितलं. ती घरात गेली. आतून ज्वारीची भाकरी आणि सुई-दोरा घेऊन आली. घास घातला, तोंड शिवलं. मग बाळंतपणाला आलेल्या नातीचं महिन्याचं बाळ आणून कौदीवर ठेवलं. पठ्ठ्यानं लगेच कौदी भिजवली.

"घ्या, पोचली तुमची कौदी!" अक्का हसली. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेच घर होतं का? जावयांनीही विचारलं. मला ठाऊक नाही, आणि आता रुखरुखही नाही. मी दोन गावं पायांनी शोधली. तिसऱ्यात नुसता बसलो, आणि दार आपणहून बोललं. त्या बसवण्णाचे उपकार मी कसे विसरू?

परतताना नवनगरचा थांबा मला चांगला माहीत होता. तरी कंडक्टरला विचारलं.