हौदावरची रुई

जॉबरकाका स्वतःचं तोंड धुण्याआधी हौदाचं तोंड धुवायचे. मी हे थट्टेनं म्हणायचे, पण होतं अगदी तसंच. शेलार गावात आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आणि पलीकडे त्यांची बाग. बाग कसली, एक पेरू, थोडी अबोली आणि मधोमध लाल माशांचा सिमेंटचा हौद. सकाळी मी चहाचं आधण ठेवायला उठले की काका लांब बांबू घेऊन तिथं उभे दिसायचे. बांबूच्या टोकाला तारेची कडी, कडीला जुन्या मच्छरदाणीचं कापड शिवलेलं.

आमच्याकडे झाडं कमी, तरी हौद झाकला जायचाच. आसपासच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, रुई उडून पाण्यावर बसते, दुधावर साय धरावी तशी. वेळेत काढली नाही की भिजून तळाशी जाते, कुजते, आणि मासे वर येऊन तोंडं वासतात. काकांचा जन्म याच रुईत गेला. लूम बंद पडला की तो चालू करून देणारा जॉबर, म्हणून साऱ्या आळीचे ते जॉबरकाका. "जल्मभर हिनंच पोट भरलं, बाई," ते म्हणायचे, "आता पाठ सोडत न्हाय. हौदात बी हाय, छातीत बी हाय." आणि खोकत बसायचे.

एकदा मी हौसेनं जाळं हातात घेतलं आणि बादली बुडवावी तसं पाण्यात खुपसलं. मासे सैरावैरा! काका ओरडलेच. "आराम से, मास्तरीनबाई, आराम से! कचरा उचलायचा, पानी न्हाय." मग त्यांनी दाखवलं. वाऱ्यानं रुई ज्या कोपऱ्यात लोटली असेल तिथंच जायचं, जाळं तिरकं धरायचं, आणि पाण्याला कळणारही नाही असं वरच्यावर ओढायचं. शेवटी कडी काठावर दोनदा आपटायची. टक, टक. ओल्या रुईचा गोळा पेरूच्या बुडाशी. मला मेलीला ते कधी नीट जमलं नाही.

एवढा खटाटोप त्यांच्या बायकोसाठी, सुमनकाकूंसाठी होता. अर्धांगवायूनं काकूंचं बोलणं नेलं, उजवी बाजू नेली. त्यांना बागेकडच्या खिडकीशी खुर्चीत बसवायचे, पण त्या घास घेईनात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काका हबकले. मग एका सकाळी काका हौद साफ करत असताना त्यांची लेक प्रज्ञा आईला पेज भरवत होती, आणि काकूंनी चक्क वाटी संपवली. त्या दिवसापासून हाच नेम झाला. बाहेर बाप जाळं फिरवतोय, आत लेक भरवतेय. "मासे दिसले की ती जेवती," काका सांगायचे. "म्हनून पानी साफ पायजे. नळी न्हाय लावू देनार मी."

पुढे खोकला इतका वाढला की काकांना मधेच बांबू टेकून बसावं लागायचं. प्रज्ञा कशेळीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. तिनं एक यंत्र आणलं. पाण्यावर तरंगायचं, मोटर लावली की वरची रुई ओढून घ्यायचं आणि आतल्या जाळीच्या डब्यात जमवायचं. पाणी काचेसारखं झालं. मी म्हटलं, "काका, सुटलात बघा." काकाही खूश होऊन आत काकूंशेजारी बसले.

आणि काकूंनी तोंड मिटलं. मासे स्वच्छ दिसत होते, पण काकू बघेचनात. मान सारखी काकांकडून दाराकडे, त्यांना बाहेर पाठवत असल्यासारखी. दुपारीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. मग काका उठले, मोटर बंद केली, बांबू उचलला आणि आरशासारख्या पाण्यावरून रिकामं जाळं फिरवू लागले. टक, टक. आत काकूंनी आ केला.

"म्हंजे मासे न्हाय व्हय," काका भिंतीपाशी येऊन मला म्हणाले. हसत होते आणि डोळे भरले होते. "येडी मला जाळं फिरवताना बघत व्हती. आन् मी माशांची बडदास्त ठेवतोय!"

त्यानंतर त्यांना कोण थांबवणार? रुई यंत्र काढायचं आणि काका धापा टाकत नुसतेच जाळं फिरवायचे. मी रागवायचे, "काका, जीव जाईल हो." ते म्हणायचे, "जाऊ दे. तिचा घास जायला पायजे." थंडीत छाती भरली, दवाखान्यात नेलं, आणि काका परत आलेच नाहीत.

काकांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. काकूंच्या तोंडात पाण्यापलीकडे काही जाईना. नळीचं बोलणं पुन्हा निघालं, तेव्हा मला राहवेना. मी बांबू घेतला, पेरूच्या आडोशाला उभी राहिले, जाळं फिरवलं आणि कडी काठावर आपटली. आतून प्रज्ञाचा आवाज आला, "ताई, घेतला! घास घेतला!"

तेव्हापासून शाळेत जायच्या आधी मी रोज पेरूमागे लपून, काकाच हौदावर आहेत असं भासवून, ही फसवणूक करते. मनाला खातं ते. बाईच्या दुःखाशी खोटं खेळतेय असं वाटतं.

परवा मी जाळं आपटलं, आणि खिडकीतून तसाच आवाज आला. टक, टक. काकू डाव्या हातानं गजावर चमचा वाजवत होत्या. मी आडोशातून बाहेर आले. त्या सरळ माझ्याकडेच बघत होत्या. कोण उभं असतं ते त्यांना ठाऊक होतं, बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.

मी जाळं पुन्हा पाण्यावर टेकवलं, या वेळी त्यांच्यासमोर, उघड. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पण प्रज्ञानं घास पुढे केला, तेव्हा त्यांनी तोंड मिटलं नाही.